मामा गेले, ॲप आलं

आमच्या टॉवरचे लिफ्टमन मामा गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि गेटवर ॲप आलं. पाहुण्याचा फोटो ते चोख काढतं. बाराव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवूनच उतरवावं लागतं, हे मात्र मामांना ठाऊक होतं.

सोसायटीची पहिली वर्षं पार्किंग आणि गळतीच्या भांडणांत गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जाग आली ती जून २०१५ मध्ये. चांदिवलीतल्या एका टॉवरला आग लागून सात जण गेले, त्यातले काही तर लिफ्टमध्येच गुदमरले. त्यानंतरची काही वर्षं आम्ही खरोखर शहाण्यासारखे वागलो. मॉक ड्रिल व्हायचं. पेटलेला आणि त्याच्या वरचा मजला आधी रिकामा करायचा, लिफ्टला हात लावायचा नाही, जिन्यात एका कडेनंच उतरायचं. दुसरी कडे वर चढणाऱ्या जवानांची. मामांच्या खिशात वही असे: कोण अंथरुणाला खिळलंय, दुपारी कुणाच्या घरी फक्त मुलं असतात. खाली गुलमोहराशी त्याच वहीवरून हजेरी व्हायची.

ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. तिथली अग्निशमन यंत्रणा बंद होती. दहा वर्षांच्या एका मुलीनं शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावलं. आमच्या सभेत तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "आपल्याकडे असं होत नाही." पुढे तेच सेक्रेटरी झाले. ड्रिलमुळे रविवार वाया जातो, हा त्यांचा पहिला शोध.

आज जिन्याचा फायर डोअर वारा यावा म्हणून तुळशीच्या कुंडीनं अडवून ठेवलेला असतो. तो मिटलेला असला तरच धूर जिन्यात शिरत नाही, हे कुणाला सांगायचं? होज बॉक्समधलं पितळी नॉझल कधीच गेलं. आत झाडू आणि फिनेलची बाटली. रेफ्यूज एरियात मंडपाचं सामान. अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचं, कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत द्यायचं प्रमाणपत्र मात्र वेळेवर जातं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावात पार्किंगमधली आग भडकून रहिवासी दगावले, तेव्हा मी ड्रिलचा विषय पुन्हा काढला. "बघू" एवढंच उत्तर मिळालं. आता मामांच्या वहीबद्दल विचारलं, तर सेक्रेटरी म्हणतात, ती सोय ॲपच्या पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे. तोवर आगीनं थांबायचं कबूल केलं असेल, तर माझी काही हरकत नाही.