खाटेचा दर आणि शहराचा नकाशा

व्हॅलेन्सिया हे लोकसंख्येने स्पेनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर, भूमध्य समुद्राच्या काठचं. पण जुन्या शहरातल्या कॅथेड्रलसमोर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. तो तिथून जवळपास चार किलोमीटर लांब आहे. इसवीसनपूर्व 138 मध्ये रोमनांनी हे गाव वसवलं ते तुरिया नदीतल्या एका बेटावर, किनारा सोडून आत, आणि पुढची दोन हजार वर्षं शहर नदीच्या अंगाने वाढत राहिलं. समुद्राकडे बंदर आणि कोळ्यांची वस्ती, शहराकडे बाजार आणि देवळं, मधे बागायत. कोळ्यांचा काबान्याल तर 1897 पर्यंत वेगळी नगरपालिका असलेल्या गावात मोडत होता. हा इतिहास स्वस्तात राहण्याची जागा शोधणाऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. आपण बुकिंगच्या ॲपवर शहराचं नाव टाकतो, ‘कमी दर आधी’ असं निवडतो आणि वरच्या दोन-तीन नावांतून एक उचलतो. त्या यादीत शहर सपाट होऊन येतं. खाट कुठे आहे, तिथून दिवसभरात किती पायपीट आणि किती तिकिटं, रात्री झोप लागेल का, सकाळी चहा करता येईल का, यातलं काहीही दराच्या आकड्यात नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की हॉस्टेल निवडताना दर सगळ्यात शेवटी बघावा. आधी नकाशा, मग स्वयंपाकघर आणि झोप, मग तारखा. एवढं झाल्यावर जी तीन-चार नावं उरतील, त्यांत सर्वांत कमी दराचं खुशाल घ्यावं.

त्याआधी एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे हॉस्टेल म्हटलं की विद्यार्थ्यांचं वसतिगृह डोळ्यांसमोर येतं. युरोपात हॉस्टेल म्हणजे खाटेच्या हिशेबाने भाडं घेणारी प्रवाशांची जागा. जर्मन शिक्षक रिचर्ड शिर्मान यांनी 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा हॉस्टेल उघडलं, त्याच कल्पनेचा हा विस्तार. स्पेनमध्ये मात्र ‘होस्ताल’ नावाचा दुसराच प्रकार आहे, आणि स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ‘ह’ उच्चारत नाहीत म्हणून तो बोलताना ‘ओस्ताल’ होतो. ओस्ताल म्हणजे छोटं, बहुधा घरच्यांनीच चालवलेलं हॉटेल. स्वतंत्र खोली, रोज बदललेली चादर, एक किंवा दोन तारे. सामायिक खोलीतल्या खाटेला तिथे ‘आल्बेर्गे’ म्हणतात किंवा सरळ इंग्रजी शब्द वापरतात. दारापाशी चौकोनी निळी पाटी असते, तिच्यावर पांढरी अक्षरं. नुसतं एच असेल तर हॉटेल, एचला एस जोडलेला असेल तर ओस्ताल, पी असेल तर ‘पेन्सियोन’, म्हणजे त्याहून साधी खानावळवजा जागा. ही पाटी वाचता आली तर पैसे वाचतात. दोघं मिळून जाणार असतील तर सामायिक खोलीतल्या दोन खाटांचं भाडं अनेकदा ओस्तालच्या एका खोलीच्या जवळपास जातं. केवळ ‘हॉस्टेल’ या शब्दावर शोध घेणाऱ्याला हा पर्याय दिसतच नाही.

आता नकाशा. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरियाला महापूर आला, शहर बुडालं, माणसं गेली. त्यानंतर सरकारने नदीच उचलून शहराच्या दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवली. जुनं पात्र कोरडं पडलं. तिथे महामार्ग काढायचा बेत होता, पण लोकांनी तो हाणून पाडला आणि 1980 च्या दशकापासून त्या पात्रात बाग उभी राहिली. आज शहराच्या पोटातून सुमारे नऊ किलोमीटर झाडी, सायकलवाटा आणि जुन्या पुलांच्या कमानी आहेत. (याच वळवलेल्या पात्रामुळे 29 ऑक्टोबर 2024 च्या पुरातून मुख्य शहर वाचलं. दक्षिणेकडच्या गावांत मात्र दोनशेहून जास्त माणसं दगावली. या बागेत फिरताना ते विसरू नये.) राहण्याच्या दृष्टीने या बागेचं महत्त्व असं, की जुन्या शहराच्या कडेपासून कलाविज्ञान नगरीच्या पांढऱ्या इमारतींपर्यंत एकही सिग्नल न ओलांडता चालत किंवा सायकलने जाता येतं. बागेपासून दहा मिनिटांच्या आत असलेल्या हॉस्टेलला फुकटची वाहतूक मिळालेली असते. जुन्या शहरात कॅथेड्रल, ‘लोन्हा’ म्हणजे रेशमाची जुनी बाजारपेठ आणि मध्यवर्ती बाजार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. विमानतळावरून मेट्रोच्या 3 आणि 5 क्रमांकाच्या मार्गिका सरळ शहरात येतात. शातिवा स्थानकावर उतरलं की समोर 1917 चं नॉर्द रेल्वे स्थानक. त्यामागे रुसाफाची वस्ती, तिथे रात्री जागणारी उपाहारगृहं आणि कॅफे.

समजा, लांबच्या वस्तीत खाट 24 युरोला आहे आणि बागेलगत 29 युरोला. चार रात्रींत 20 युरो वाचले असं वाटतं. पण रोज जाऊन-येऊन दोन तिकिटं, प्रत्येकी दीड युरो धरलं तरी चार दिवसांत 12 युरो गेले. दुपारी अंघोळीला किंवा स्वेटर आणायला एकदा परत फिरलात तर आणखी तीन. उरले पाच. त्या पाच युरोंसाठी दिवसाला तासभर प्रवासात घालवायचा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्रीची शेवटची मेट्रो चुकवायची नाही म्हणून जेवण अर्धवट सोडायचं. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊनंतरच सुरू होतं, त्यामुळे ही धास्ती रोजची. तरुण माणूस एवढं सहज सोसतो असं कोणी म्हणेल. सोसतो, यात शंका नाही. पण भारतातून एवढा खर्च करून तिथे पोचलेल्या माणसाचा एक तास पाच युरोंहून स्वस्त का धरायचा, याचं उत्तर त्या म्हणण्यात मिळत नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. समुद्रासाठी गेलेल्या माणसाने चार किलोमीटर आत का राहायचं? हा आक्षेप खराच आहे, आणि नकाशा आधी बघा म्हणण्याचा अर्थ ‘जुन्या शहरातच राहा’ असा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल, सकाळ-संध्याकाळ पोहायचं असेल, तर मालवारोसाच्या वाळूजवळ किंवा काबान्यालमध्येच राहावं. होआकीन सोरोया या चित्रकाराने ओल्या अंगांवरचं ऊन आणि शिडाच्या नावा रंगवल्या त्या याच किनाऱ्यावर. काबान्यालच्या अरुंद गल्ल्या किनाऱ्याला समांतर धावतात. घरं एक-दोन मजली, दर्शनी भिंतींवर चकचकीत रंगीत फरश्या, हिरव्या, पिवळ्या, गर्द निळ्या, कुठे निखळलेल्या, कुठे नव्याने बसवलेल्या. उन्हाळ्यात संध्याकाळी दारापुढे खुर्च्या टाकून म्हाताऱ्या बायका गप्पा मारत बसलेल्या असतात. ट्राम शहराशी जोडून देते. पण याच किनाऱ्याला जानेवारीत काय असतं? थंड वारा, बंद झालेली खाद्यगृहं आणि पोहता न येणारं पाणी. हिवाळ्यात जाणाऱ्याने समुद्राशेजारच्या खाटेला जादा पैसे मोजणं म्हणजे पावसाळ्यात महाबळेश्वरला जाऊन सूर्यास्त बघायची खोली मागण्यासारखं आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध मला सगळ्यांत योग्य वाटतो. पाणी उन्हाळाभर तापलेलं, गर्दी ओसरलेली, दर उतरलेले.

स्वयंपाकघराकडे मराठी प्रवासी, त्यातही शाकाहारी, पुरेसं लक्ष देत नाही याचं मला नवल वाटतं. व्हॅलेन्सिया हे पाएया या भाताच्या पदार्थाचं माहेर, पण अस्सल व्हॅलेन्सियाना पाएयात कोंबडी आणि सशाचं मांस असतं. भाज्यांची पाएया मिळते, पण ती नेहमी भाज्यांच्याच पाण्यात शिजवलेली असेल असं नाही, विचारावं लागतं. दुपारी ‘मेनू देल दिया’ घेतलं तर दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी असं ठरावीक दरात पोटभर मिळतं. 1960 च्या दशकात, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, उपाहारगृहांवर पर्यटकांसाठी ठरावीक दराच्या जेवणाची सक्ती झाली, त्यातून ही पद्धत रुजली. पण ते दुपारचं, आणि मुख्यतः कामाच्या दिवसांचं. उरलेल्या दोन वेळांसाठी हॉस्टेलचं स्वयंपाकघर हवं, आणि ते खरोखर वापरता येण्याजोगं हवं. काही ठिकाणी ‘किचन’ या नावाखाली एक मायक्रोवेव्ह आणि एक किटली असते. छायाचित्रात शेगडीची किती तोंडं दिसतात, पातेली आहेत का, फ्रिजमध्ये नाव लिहून डबा ठेवायची सोय आहे का, ते बघावं. निघून गेलेल्या प्रवाशांनी मागे ठेवलेलं मीठ, तेल, अर्धं पाकीट तांदूळ यांचा सामायिक कप्पा असेल तर ती जागा चांगली चालते असं बेलाशक समजावं. 1928 मध्ये उघडलेला मध्यवर्ती बाजार लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांच्या घुमटाखाली भरतो. टोमॅटो, संत्री, ओली कडधान्यं, बदाम, सगळं तिथे. तो दुपारी तीनच्या सुमारास बंद होतो आणि रविवारी उघडत नाही. बहुतेक सुपरमार्केटही रविवारी बंद. शनिवारी दुपारी पोचणाऱ्याने आधी पिशवी घेऊन बाहेर पडावं.

झोपेचा प्रश्न मात्र सगळ्यांत नाजूक, कारण तो छायाचित्रात दिसत नाही. एल कार्मेन या जुन्या वस्तीत दगडी गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की मध्यरात्री खाली चाललेलं बोलणं तिसऱ्या मजल्यावर शब्दन्‌शब्द ऐकू येतं. रस्त्याकडच्या खोलीपेक्षा आतल्या चौकाकडची खोली मागावी, तिला उजेड कमी असला तरी. खोलीत किती खाटा, यापेक्षा प्रत्येक खाटेला पडदा, स्वतःचा दिवा आणि उशाशी प्लग आहे का, हे जास्त महत्त्वाचं. पडदा असला की बारा जणांची खोलीही सुसह्य होते. तो नसेल तर चौघांतही पहाटेच्या विमानाला निघणारा एक जण सगळ्यांना उठवतो. ऑगस्टची रात्र तिथे कोकणासारखी दमट असते, तेव्हा वातानुकूलन आहे का आणि ते रात्रभर चालू ठेवतात का, हे आधी लिहून विचारावं. अभिप्राय वाचतोच की आम्ही, असं कोणी म्हणेल. पण अभिप्रायांची सरासरी या कामी फारशी उपयोगी नाही. वीस वर्षांचा मुलगा ज्या गोंगाटासाठी दहापैकी दहा देतो, त्याच गोंगाटामुळे पंचेचाळिशीच्या बाईची रात्र जाते. गेल्या दोन-तीन महिन्यांतले, आपल्यासारख्या माणसाने लिहिलेले चार-पाच अभिप्राय पुरे.

तारखांबद्दल थोडक्यात. 15 ते 19 मार्च फायासचा उत्सव. चौकाचौकांत मोठमोठ्या प्रतिमा उभ्या राहतात आणि 19 च्या रात्री जाळल्या जातात. फटाके दिवसरात्र. तो बघायलाच जायचं असेल तर काही महिने आधी जागा धरावी, नसेल तर तो आठवडा टाळावा. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन असते, तेव्हाही खाटा मिळत नाहीत. दुसरी गोष्ट व्हिसाची. भारतीयांना शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. अर्जाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. अशा वेळी ‘रद्द केल्यास पैसे परत नाहीत’ अशी दोन युरो स्वस्त खाट घेणं हा धोका कशासाठी पत्करायचा? पोचल्यावर पासपोर्ट मागतील आणि तपशील नोंदवतील. पाहुण्यांची नोंद पोलीस यंत्रणेकडे पाठवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. पर्यटक कराचंही बघून ठेवावं. बार्सिलोनात तो दर रात्रीमागे वेगळा घेतात. व्हॅलेन्सिया प्रांतात त्याचा कायदा 2022 मध्ये झाला, पण लागू होण्याआधीच रद्द झाला.

शेवटचा आक्षेप चौघा-पाचजणांच्या गटांचा. पर्यटकांना भाड्याने मिळणारं घर घेतलं तर माणशी खर्च हॉस्टेलहूनही कमी पडतो. आकड्यांत हे खरं असू शकतं. पण राहत्या इमारतीतला फ्लॅट पर्यटकांकडे गेला की तिथला भाडेकरू बाहेर पडतो, हा स्पेनच्या किनारी शहरांतला आजचा सगळ्यांत पेटलेला प्रश्न आहे. 2024 मध्ये मालागा, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया इथे घरांच्या महागाईविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर आले. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर 2028 पर्यंत शहरातल्या दहा हजारांवर पर्यटक-घरांचे परवाने संपवण्याची घोषणा केली. काबान्यालमधल्या रहिवाशांनी आपल्या वस्तीतून रुंद रस्ता काढण्याच्या योजनेशी दीड दशकाहून जास्त काळ झुंज दिली आणि 2015 नंतर ती योजना मागे पडली. वाचलेली ती घरं आता भाडेवाढीच्या तोंडी आहेत. हॉस्टेलमध्ये एकाच छपराखाली पन्नास-शंभर प्रवासी मावतात, इमारत व्यवसायासाठीच परवाना घेतलेली असते, आणि शेजारच्या जिन्यावर राहणाऱ्या माणसाचं घर जात नाही. तरीही गटाला स्वतंत्र घरच हवं असेल, तर जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक आहे का हे पाहावं. व्हॅलेन्सिया प्रांतात तो ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. तो नसेल तर पुढच्या जागेकडे वळावं.