जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग : रंगांची निवड

नालासोपारा पूर्वेकडील आचोळे हे एके काळचे शेतीवाडीचे गाव आज दाट नागरी वस्तीत सामावून गेले आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. साहजिकच, येथील जुन्या कुटुंबांनी जपलेल्या शाळेच्या दाखल्यांवर, जन्मनोंदींवर व जमिनीच्या उताऱ्यांवर ठाणे जिल्ह्याचे उल्लेख आढळतात. हे कागद केवळ आठवणीदाखल ठेवण्याचे नव्हेत. जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. आजोबांच्या नावाची शाळेच्या जनरल रजिस्टरातील एक नोंद नातवाच्या प्रवेशाचा प्रश्न सोडवू शकते.

असे कागद आता घरच्या घरी स्कॅन केले जातात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी रंगाचा जो पर्याय निवडावा लागतो, त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

तीन पर्याय

स्कॅनरमध्ये सामान्यतः ब्लॅक अँड व्हाइट, ग्रेस्केल आणि कलर असे तीन पर्याय असतात. पहिल्या पर्यायात यंत्र प्रत्येक बिंदूबाबत केवळ एकच निर्णय घेते : काळा किंवा पांढरा. मधले काहीही नाही. नव्याने टंकलिखित केलेल्या पत्रास ते चालते. परंतु पिवळ्या पडलेल्या कागदावर फिकट तपकिरी शाईने लिहिलेले नाव, जांभळा अंगठा, पेन्सिलीचा शेरा किंवा पुसट झालेला गोल शिक्का यंत्राच्या लेखी ‘पांढरा’ ठरला, तर तो प्रतीतून नाहीसा होतो. उलट, कागदावरचा डाग ‘काळा’ ठरून अक्षरांवर पसरतो. ग्रेस्केलमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या २५६ छटा मिळतात. अक्षर टिकते, पण निळा शिक्का आणि त्याखालची काळी सही यांची सरमिसळ होते. सहीवर शिक्का आहे की शिक्क्यावर सही, हे मग सांगता येत नाही. कलरमध्ये लाल, हिरवा व निळा या प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या नोंदल्या जातात व त्यांच्या मिश्रणातून सुमारे १ कोटी ६८ लाख छटा निर्माण होऊ शकतात.

कलर फाइल मोठी होते, हा आक्षेप खरा आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ८७ लाख बिंदू होतात. संक्षेप न करता साठवल्यास ब्लॅक अँड व्हाइट प्रतीस सुमारे ११ लाख, ग्रेस्केलला ८७ लाख आणि कलरला २ कोटी ६१ लाख बाइट लागतात. ऑनलाइन अर्जात फाइलच्या आकारावर मर्यादा असते, म्हणून अनेक जण मूळ स्कॅनच कमी दर्जाचे करतात. हा व्यवहार तोट्याचा आहे. मोठ्या रंगीत प्रतीतून लहान प्रत केव्हाही काढता येते; लहान प्रतीतून हरवलेला शिक्का पुन्हा काढता येत नाही. जुना दाखला एकदा ३०० डीपीआयने, कलरमध्ये स्कॅन करून ती फाइल तशीच ठेवावी व अर्जासाठी तिची वेगळी प्रत लहान करावी.

कागद पातळ असून पाठीमागची अक्षरे उमटत असतील, तर त्यामागे काळा कागद ठेवावा. अक्षरे बरीच पुसट होतात. ‘ऑटो’ सुधारणा मात्र बंद ठेवलेली बरी. ती पिवळेपणा घालवताना फिकट शाईही घालवते.

रंगाच्या पद्धतीचा पर्याय विचारला गेल्यास एसआरजीबी निवडावा. १९९६ साली पुढे आलेली ही पद्धती बहुतेक संगणक, भ्रमणध्वनी व घरगुती प्रिंटर ओळखतात. अधिक विस्तृत पद्धती व्यावसायिकांच्या कामाच्या. ती न ओळखणाऱ्या पडद्यावर त्यांतील चित्र निस्तेज दिसते.

छपाई करताना

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, तर कागद शाईने. त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात शिळामुद्रणाने चित्रे छापली जात, तेव्हा प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे व एकावर एक ठसे घेऊन चित्र सिद्ध होई. आजचा घरगुती प्रिंटरही आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी या शायांचे सूक्ष्म ठिपके शेजारी-शेजारी टाकून हेच साधतो. हे रूपांतर प्रिंटर स्वतः करतो, म्हणून फाइल आधीच सीएमवायकेमध्ये बदलण्याचा खटाटोप करू नये. तसेच रंगांचे नियंत्रण संगणकातील प्रणालीकडे ठेवावे किंवा प्रिंटरकडे. दोघांकडेही सोपवल्यास दुरुस्ती दोनदा होऊन चेहरे लालसर किंवा हिरवट येतात.

छपाई बिघडण्याचे याहून साधे कारण कागदाची चुकीची नोंद हे असते. साध्या कागदावर छापताना फोटो पेपर निवडला गेला, तर शाई जास्त पडून पसरते. केवळ मजकूर छापायचा असल्यास ग्रेस्केल व काळी शाई निवडावी, म्हणजे रंगीत शाई वाचते.

१९७०च्या दशकातील पुष्कळ रंगीत छायाचित्रे आज तांबूस दिसतात, कारण त्यांतील आकाशी रंगद्रव्य आधी विटले. ती दुरुस्त करावयाची असल्यास दुरुस्ती प्रतीवर करावी, मूळ स्कॅनवर नव्हे. शासकीय कागदाच्या प्रतीत मात्र रंग उजळ करण्याच्या मोहात मुळीच पडू नये. गडद केलेला शिक्का पडताळणीत संशयास कारण होतो. तसेच मुळाबरहुकूम दिसणाऱ्या रंगीत प्रतीवर ‘प्रत’ असा शब्द ठळकपणे लिहून ठेवावा.