फोन आईचा अंगठा का ओळखेना

जानेवारी लागला आणि आईचा फोन तिचा अंगठा मानेनासा झाला. सकाळची भांडी आटपली की ती हात पुसून फोन उचलायची, बाजूच्या बटणावर अंगठा टेकवायची आणि फोन थरथरून नकार द्यायचा. पदराला अंगठा पुसून पुन्हा एकदा, मग जोर लावून आणखी एकदा. पाचदा चुकलं की अँड्रॉइड फोन ३० सेकंद बोट घेतच नाही. "माझा अंगठाच झिजला गं," ती एक दिवस म्हणाली. आयुष्यभर राबलेल्या हातांनी अपराधी वाटून घ्यावं, हे मला फार लागलं.

फोन घेतला होता ऐन पावसाळ्यात. नाशिकच्या त्या दमट हवेत तिनं बोट नोंदवलं, आणि आता थंडीनं कातडी तडकत होती. गोम इथंच होती.

बाजूच्या बटणातला सेन्सर बोटाचा फोटो काढत नाही. त्यात अतिसूक्ष्म विद्युत-बिंदूंची जाळी असते. बोटावरचा उंचवटा जिथं टेकतो तिथला विद्युतभार बदलतो. खाचेच्या जागी मध्ये हवा राहते, म्हणून तिथं बदल कमी. या फरकांतून फोन रेषांचा नकाशा तयार करतो. दोन रेषांमधलं अंतर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. घामाची छिद्रं नेमकी उंचवट्यांवर असतात आणि त्यांच्या किंचित ओलाव्यामुळे रेषा ठळक उमटते. कातडी कोरडी पडली की तीच रेषा तुटक दिसते. उलट हात ओले असले तर पाणी खाचांमध्ये भरतं आणि उंचवटा कुठला, खाच कुठली, हे सेन्सरला कळत नाही. भांडी घासणाऱ्या बाईच्या वाट्याला दोन्ही येतं: आधी पाणी, मग साबणानं तेलकटपणा निघून गेलेली रखरखीत कातडी.

वयाप्रमाणे घाम कमी होतो, कातडीचा ताण उतरतो, उंचवटे सपाट होत जातात. सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा तर घासून आणि सिमेंटच्या दाहक गुणानं पुसट होतात. पण बोटांची नक्षी आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घडते आणि तिचं मूळ कातडीच्या खोल थरात असतं. वरचा थर झिजला तरी काही आठवडे विश्रांती मिळाली की तीच नक्षी पुन्हा वर येते. कर्करोगावरच्या कॅपेसिटाबिन या औषधानं मात्र काही रुग्णांचे ठसे इतके पुसट होतात की यंत्राला ते वाचता येत नाहीत. अशा माणसानं बोटाशी झगडत बसू नये, सरळ पिन वापरावा.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती बहुतेक घरांत असेल: शाईच्या ठशाची जुनी सवय. १८५८ मध्ये बंगालमधल्या विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे कोलकात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं आणि १८९७ मध्ये तिथं ठसे-विभाग उभा राहिला. तेव्हापासून शाईचा ठसा म्हणजे बोट सरळ, स्थिर, पुरतं टेकवायचं, ही शिस्त आपल्या अंगात मुरली आहे. आईनं फोनलाही तसाच ठसा दिला: प्रत्येक वेळी अंगठ्याचा मधला भाग, जपून, एकाच जागी. पण बटण काही मिलिमीटर रुंद. त्याला बोटाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. नोंदणीत फोन पुन्हा पुन्हा बोट उचलायला लावतो ते वेगवेगळ्या पट्ट्या गोळा करण्यासाठी. रोजच्या घाईत अंगठा तिरका पडतो, कडेचा भाग टेकतो, आणि ती कड फोननं कधी पाहिलेलीच नसते.

ज्यांचा सेन्सर पडद्याखाली आहे त्यांनी आधी काचेकडे बघावं. प्रकाशावर चालणारा सेन्सर पडद्याच्या उजेडात बोट पाहतो. कडक ऊन किंवा जाड गार्ड त्याला नडतो. श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणाऱ्याला तर गार्डखालची हवेची पातळ फटही नडते, कारण या लहरी हवेतून जवळजवळ पुढे जातच नाहीत. २०१९ मध्ये सॅमसंगच्या एस १० मध्ये उलटाच घोळ झाला. काही सिलिकॉन कव्हरांवरची नक्षीच ठशाबरोबर वाचली गेली आणि परक्या बोटांनीही फोन उघडू लागले. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. म्हणून गार्ड बदलला की जुने ठसे पुसून नवे द्यावेत.

फोन एवढा हट्टी का, याचं उत्तर त्याच्या कामात आहे. परका माणूस चुकून आत येण्याची शक्यता ५०,००० मध्ये एकाहून जास्त नसावी, अशी अँड्रॉइडची भक्कम सुरक्षेची अट आहे. खऱ्या मालकाला मात्र शंभरात दहापेक्षा कमी वेळा नाकारलेलं तिथं चालतं. नकार हा या हिशेबात धरलेलाच आहे. बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात तिथं मला तो हिशेब योग्यच वाटतो.

आम्ही एका रविवारी जुने ठसे पुसले. बटण कोरड्या मऊ कापडानं स्वच्छ केलं. आईनं खुर्चीत बसून, फोन रोज धरते तसाच धरून, अंगठा दिला: टोक, दोन्ही कडा, थोडा वाकडा. संध्याकाळी हातांना खोबरेल लावून, ते पुरतं जिरल्यावर तोच अंगठा दुसऱ्यांदा नोंदवला. बऱ्याच फोनमध्ये हे करता येतं. आणि डाव्या हातात फोन धरला की बटणावर आपसूक येणारं मधलं बोटही दिलं. घासणी असते उजव्या हातात, त्यामुळे हे बोट कमी झिजलेलं.

धुणं झाल्यावर बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात तेव्हा अजूनही फोन उघडत नाही. या सुरकुत्या मज्जातंतूंच्या आज्ञेनं रक्तवाहिन्या आकसल्यामुळे पडतात, हे आईला सांगितलं. तिनं बोटं उजेडात धरून पाहिली, म्हणाली, "म्हणजे नसा धड आहेत माझ्या," आणि पिन टाकून फोन उघडला.