बटूमीचा डाव आणि ओसरीवरील पट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत श्रावणाची झड लागली असतां ज्या घरांतून बुद्धिबळाचा पट उघडतो, त्यांनीं पुढील डावाची सुरुवात एकवार मांडून पाहावी.

२८ जुलै २०२५, नागपंचमीचा आदला दिवस. जॉर्जिया देशांतील बटूमी येथें महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. एकीकडे शेजारच्या नागपुरची १९ वर्षांची दिव्या देशमुख; दुसरीकडे ३८ वर्षांची कोनेरू हंपी, जी २००२ सालींच ग्रँडमास्टर झाली होती. दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले. जलद डावांपैकीं पहिलाहि तसाच. दुसऱ्यांत पांढरीं मोहरीं हंपीकडे होतीं.

तिनें कॅटलान पद्धतीनें आरंभ केला. हें नांव १९२९ सालच्या बार्सेलोना येथील स्पर्धेंत टार्टाकोव्हर यानें त्या प्रांताच्या गौरवार्थ दिलें. वजिरापुढील व त्या बाजूच्या उंटापुढील प्यादीं दोन-दोन घरें सरकतात. राजाकडील घोड्यापुढचें प्यादें एक घर चालतें आणि त्याच्या मूळ घरीं उंट बसतो. तेथून त्याची नजर तिरप्या रेषेनें पार पलीकडच्या हत्तीच्या कोपऱ्यापर्यंत पोंचते. आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर चाले. त्या रीतीनें हीच मांडणी करूं जातां दोन खेळ्या अधिक लागतात, हें आजोबा व नातवंडें यांनीं मिळून पडताळून पाहण्याजोगें आहे.

परंतु उत्तम आरंभ म्हणजे विजय नव्हे. डाव लांबला, प्याद्यांच्या शेवटावर आला, घड्याळाची निकड वाढली आणि हंपीच्या हातून चूक झाली. दिव्यानें सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनीं जिंकला. ग्रँडमास्टरपदास सामान्यतः तीन पात्रता-निकष पूर्ण करावे लागतात. तिच्यापाशीं त्यांतील एकहि नव्हता. या चषकानें तें पद तिला एकदम मिळालें आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

याहून मोलाची गोष्ट निराळीच. डावाचे शेवट आपणांस अजून शिकावयाचे आहेत, असें विजयानंतर तिनें स्वतःच सांगितलें. यश हातीं असतां आपलें उणें ओळखणें, हें पटावरील कोणत्याहि खेळीहून कठीण. वाचकहो, पुढच्या झडींत पट मांडाल तेव्हां घरांतील मुलींनाहि त्यावर बसवा. आणि आरंभाइतकाच शेवटहि शिकवा.