मुंगसाने हुसकावलेला साप

अँटिग्वा म्हटलं की आपल्याला व्हिव्हियन रिचर्ड्स आठवतो. त्याच कॅरिबियन बेटावरचा ‘अँटिग्वन रेसर’ हा साप एके काळी जगातला सर्वांत दुर्मीळ साप मानला जाई. त्याच्या हलाखीचा एक धागा थेट कलकत्त्याला पोचतो.

वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या मळ्यांत उंदरांनी उच्छाद मांडला होता. त्यांचा काटा काढायला १८७२ साली कलकत्त्याहून ९ मुंगसं जमैकात नेली. पुढे मुंगसं बेटाबेटांवर पोचली, अँटिग्वावरही. पण मुंगूस हिंडणार दिवसा आणि काळा उंदीर रात्री! दिवसा हाती लागला तो रेसर. हा साप निरुपद्रवी. पालापाचोळ्यात अर्धवट दडून राहायचं, पाल किंवा सरडा टप्प्यात आला की झडप घालायची, एवढाच त्याचा पराक्रम. मुंगसाशी झुंजायचं कसं, हे त्याच्या कैक पिढ्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. मुंगूस दिसलं की आपण शुभशकुन मानतो. रेसरचा मात्र मुख्य बेटावरून निर्वंश झाला.

तो उरला ग्रेट बर्ड आयलंडवर. बेट जेमतेम ८-९ हेक्टरचं. मुंगसं तिथे पोचली नव्हती, उंदीर पोचले होते. १९९५ मध्ये पाहणी झाली तेव्हा सुमारे ५० साप शिल्लक होते. अनेकांच्या शेपट्या तुटलेल्या, अंगावर उंदरांच्या चाव्यांचे व्रण.

त्यामुळे साप वाचवायची मोहीम सुरू झाली ती उंदीर मारण्यापासून. बेटभर विषारी आमिषं ठेवून उंदीर संपवले. सापांची संख्या वाढू लागली. तरी एका चिमुकल्या बेटावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचंच; एखादं चक्रीवादळ पुरेसं होतं. म्हणून १९९९ मध्ये रॅबिट, २००२ मध्ये ग्रीन आणि २००८ मध्ये यॉर्क या शेजारच्या बेटांवर, आधी आगंतुक शिकारी हटवून, साप सोडले गेले. ओळख पटावी म्हणून त्यांच्या त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. पुढच्या काळात संख्या हजारापार गेली.

तितकंच अवघड काम माणसांचं. साप दिसला की ठेचायचा, ही रीत तिथेही होती. स्थानिक ‘एन्व्हायर्नमेंटल अवेअरनेस ग्रुप’ने शाळकरी मुलांना होडीतून बेटांवर नेऊन हा साप जवळून दाखवला.

ग्रेट बर्डवर आजही सहलींच्या बोटी लागतात. त्यातून एखादी गाभण उंदरीण उतरली तरी केलेल्या कामावर पाणी पडेल. म्हणून उंदरांवरचा पहारा उठवलेला नाही.