उपाशी खडकावरील फुलोरा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा बालरोगांवरील लेखाची होती. या वेळी मात्र व्यवसायबंधूंची आणि समाजबांधवांची क्षमा मागून विषय थोडा बदलतो. पोषणाचा मुद्दा त्यातही आहेच.

सोनेवानीचे जंगल उशाशी असणाऱ्या लालबर्रावासीयांना रानफुलांचे अप्रूप ते काय, असे मलाही वाटत असे. गेल्या सप्टेंबरात गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने आम्ही उभयता सातारा गाठले आणि तेथून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठारावर गेलो. तेव्हा तो समज गळून पडला.

समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरील हे पठार म्हणजे जांभा दगडाचा विस्तीर्ण कातळ होय. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर दीर्घकाळ पाऊस कोसळला, त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. तोच हा तांबडा जांभा. त्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात ती चिंब असते, उन्हाळ्यात करपते. मोठ्या झाडांना मुळे रोवायला जागा नाही, म्हणूनच हे रान लहान फुलझाडांना मोकळे मिळाले. येथे सपुष्प वनस्पतींच्या ८५०हून अधिक जातींची नोंद झाली आहे.

या मातीत लोह मुबलक असूनही वनस्पती उपाशी असतात. आम्लधर्मी मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट बांधून ठेवतात, आणि नत्र तर पावसाबरोबर वाहून जाते. आपल्या बालरुग्णांतही असेच दिसते. ताटात धान्य-डाळ असते, पण त्यातील फायटेट लोहाला बांधून ठेवते आणि मूल पांडुरोगीच राहते. पदार्थ असणे आणि तो अंगी लागणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या उपासमारीवर काही वनस्पतींनी मांसाहाराचा उपाय शोधला आहे. दवबिंदू या रोपट्याच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात. त्यावर बसलेला कीटक अडकतो आणि पचवला जातो. ‘सीतेची आसवे’ हे नाजूक जांभळे फूल पाहून कोणाचेही मन हळवे होईल, परंतु त्याच्या मुळाशी ओल्या मातीत सूक्ष्म जीव शोषून घेणाऱ्या चिमुकल्या पिशव्या असतात. शेजारीच तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि गेंदाचा पांढरा गालिचा पसरलेला होता. डबक्यांत वायतुरा डोलत होता. ही वनस्पती सातारा परिसरातील अशा पठारांपुरतीच मर्यादित आहे.

त्या वायतुऱ्याचे छायाचित्र घेण्याच्या नादात मी वाट सोडली. तोच मार्गदर्शक म्हणून आलेली गावातील बाई म्हणाली, “साहेब, पाय उचला. खाली बगा!” माझ्या बुटाखाली दवबिंदूची दहा-बारा रोपे चिरडली होती. यातील बहुतेक रोपांचे आयुष्य एका पावसाळ्याचे. बी धरण्यापूर्वी रोप मेले तर पुढील वर्षीची पिढीही गेली. इतका ओशाळलो, की त्यानंतर कॅमेरा पिशवीतच राहिला.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. कीर्तीबरोबर गर्दी आली. पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. पुढे फुले घटत असल्याची तक्रार होऊ लागली आणि गुरांची चराई थांबल्याने गवत माजले, असे अनेकांचे मत पडले. अखेर कुंपण काढण्यात आले.

हे मत मला अविश्वसनीय वाटत नाही, कारण आयर्लंडमधील बरन या चुनखडीच्या प्रदेशाचा अनुभव तसाच आहे. तेथील खडक कासच्या अगदी उलट, अल्कधर्मी. पण माती तितकीच तुटपुंजी. खडकांच्या भेगांतून वसंतात जेन्शनची गर्द निळी फुले उमलतात. हिवाळ्यात शेतकरी तेथे गुरे चारतात, ती माजलेले गवत खातात आणि वसंतातील फुलांना उजेड मिळतो. चराई थांबली तेथे झुडपे वाढली, फुले हरवली.

मूल आजारी पडू नये म्हणून त्याला अंगणातही न सोडणारे पालक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. जपणूक हवी; पण ज्याला जपायचे, त्याची वाढ कशावर अवलंबून आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरारंभ या काळात, शक्यतो सुट्टीचे दिवस टाळून, आगाऊ नोंदणी करून जावे. परिसरातील गावांच्या समित्या तेथील व्यवस्था पाहतात, त्यांचे ऐकावे. फूल तोडू नये. आणि मुख्य म्हणजे, पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे.