झोप आलीय? हाताला विचारा!

'मी एकदम फ्रेश आहे' असं म्हणताना आपण स्वतःलाच टोपी घालत असतो. तळहाताच्या घामाला मात्र थापा मारणं जमत नाही. फक्त त्याची भाषा नीट समजून घ्यायला हवी!

दुपारचे तीन. एसी कॉन्फरन्स रूम, पोटात राजमा-राइस आणि समोर चोविसावी स्लाइड. तुमचे डोळे उघडे आहेत, मान अधूनमधून हलतेय, वहीवर पेनही फिरतंय. बॉसच्या मते तुम्ही जागे आहात. पण त्याच वेळी कुणी तुमच्या मनगटावर एक छोटासा सेन्सर बांधला असता तर? बहुतेक तुमची पोल उघडी पडली असती!

थट्टा नाही ही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रोझलिंड पिकार्ड यांच्या टीमने असा मनगटी पट्टा तयार केला आणि २०१० मध्ये त्यावरचा पेपर छापून आला. त्यात एका विद्यार्थ्याचा सलग सात दिवसांचा आलेख होता. होमवर्क करताना, लॅबमध्ये काम करताना रेघ मस्त उड्या मारतेय. टीव्हीसमोर बसला की रेघ आडवी. आणि क्लासमध्ये बसल्यावर? तिथेही जवळजवळ आडवीच! गंमत म्हणजे रात्री हा गडी ढाराढूर झोपलेला असताना रेघेने पुन्हा जोरदार उसळ्या घेतल्या.

हा आलेख पुढे बराच गाजला. 'बघा, लेक्चरमध्ये मेंदू बंद पडतो,' असं म्हणत अनेकांनी तो मिरवला. पण थांबा. विद्यार्थी एकच, आठवडाही एकच. आणि मुख्य म्हणजे तो पट्टा मेंदू मोजतच नाही. तो मोजतो त्वचा.

घामाचा फंडा

इंटरव्ह्यूला तुमचं नाव पुकारलं की तळहात ओलसर होतात ना? तो घाम उकाड्याचा नसतो. आपल्या शरीरात सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिम नावाचं मज्जातंतूंचं जाळं आहे. 'लढ किंवा पळ' हा हुकूम तिथूनच सुटतो. त्याच हुकमावर हृदय धडधडतं आणि घामाच्या ग्रंथीही कामाला लागतात. या ग्रंथी तळहात आणि तळपायांवर सर्वांत दाट असतात.

घाम म्हणजे खारं पाणी. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणून त्वचेला दोन इलेक्ट्रोड लावायचे आणि साधारण अर्धा व्होल्टचा दाब द्यायचा, म्हणजे पेन्सिल सेलच्या एक तृतीयांश. आपल्याला काही जाणवतही नाही. कानाशी कुणी टाळी वाजवली की एक ते तीन सेकंदांत त्वचेतून जास्त वीज वाहू लागते. याला म्हणतात इलेक्ट्रोडर्मल ॲक्टिव्हिटी, शॉर्टमध्ये ईडीए.

कल्पना मुळीच नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ मध्ये हा परिणाम नोंदवला. रशियात इव्हान तारखानोव यांनी १८९० मध्ये बाहेरून वीज न देताच त्वचेतले विद्युत बदल टिपले. पुढे कार्ल युंग यांनी पेशंटला एकेक शब्द ऐकवून कुठल्या शब्दाला त्वचा दचकते ते पाहिलं. आणि लाय डिटेक्टरमध्ये बोटांना लावतात त्या वायर्स आठवतात? तोच फंडा!

डुलकी लागली की ब्रेक!

आता मुद्द्याची गोष्ट. माणूस पेंगायला लागला की सिम्पथेटिकचा जोर ओसरतो. त्वचेचं ते दचकणं कमी होतं, रेघ खाली घसरते. डोळे पूर्ण मिटण्याची वाट बघायची गरज नाही.

रशियन रेल्वेने हे भलतंच सीरियसली घेतलं. तिथे इंजिन ड्रायव्हरच्या मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र असतं. ते त्वचेचे विद्युत संकेत टिपतं आणि रेडिओवरून इंजिनातल्या रिसीव्हरकडे पाठवतं. सावधपणा घसरतोय असं दिसलं की ड्रायव्हरला इशारा मिळतो आणि त्याला बटण दाबून 'मी जागा आहे' असं सांगावं लागतं. नाही दाबलं तर गाडीला थेट इमर्जन्सी ब्रेक लागतो!

आपल्याकडच्या रेल्वे इंजिनांतही व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस असतं. ठरावीक वेळात ड्रायव्हरने काहीच केलं नाही तर इशारा होतो आणि तरीही प्रतिसाद नाही मिळाला तर ब्रेक. पण ते यंत्र हात चालतोय का, एवढंच बघतं. सवयीने हात अर्धवट झोपेतही चालतो, हे पहाटे अलार्म बंद करून पुन्हा झोपणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे!

गाढ झोपेत वादळ

मग साधं गणित झालं की! रेघ वर म्हणजे जागा, रेघ खाली म्हणजे झोपलेला. नाही ना राव! इथेच खरा ट्विस्ट आहे.

झोप एकसारखी नसते. हलकी झोप, गाढ झोप आणि डोळे पापण्यांआड भराभर फिरतात ती स्वप्नांची आरईएम झोप, असे फेरे रात्रभर चालू असतात. स्वप्नात वाघ मागे लागला की हाताला घाम फुटत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आरईएममध्ये त्वचा बरीचशी शांत असते. उसळ्या जास्त दिसतात त्या स्वप्नांपलीकडच्या गाढ झोपेत. १९६०च्या दशकातच संशोधकांनी त्यांना 'स्टॉर्म' म्हणजे वादळ असं नाव देऊन टाकलं होतं. पुढे पिकार्ड आणि अकाने सानो यांनी मनगटी सेन्सर वापरून तेच चित्र पुन्हा दाखवलं.

म्हणजे त्या एमआयटीवाल्या मुलाची रात्रीची रेघ टेन्शनची नव्हती, तर ती झोपेचीच असू शकते. आज घड्याळांतही ईडीए आलंय. २०२० च्या फिटबिट सेन्समध्ये डायलवर तळहात ठेवला की ते मोजता यायचं. पिकार्ड सहसंस्थापक असलेल्या एम्पॅटिका कंपनीच्या एम्ब्रेस या पट्ट्याला तर एपिलेप्सीचे झटके ओळखण्यासाठी २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. गॅजेट खोटं नाही. पण त्वचा सांगते फक्त 'काहीतरी चाललंय' एवढंच. काय चाललंय, हे सांगायला हालचाल, हृदयाचे ठोके आणि मेंदूच्या लहरी सोबत लागतात. झोपेच्या लॅबमध्ये डोक्याला, डोळ्यांपाशी आणि हनुवटीला सेन्सर लावतात ते म्हणूनच.

'मला कळतं की!' नाही कळत

'घड्याळ कशाला? झोप आली की मला कळतं!' असं म्हणताय? मग हे वाचाच. अमेरिकेत हान्स व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छापलेल्या प्रयोगात काही जणांना सलग चौदा रात्री फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष अगदी जागरण करणाऱ्यांइतकं ढासळलं होतं. काही चाचण्यांत तर दोन रात्री अजिबात न झोपल्यासारखं! पण 'झोप येतेय का?' असं विचारलं तर उत्तर काय? 'थोडीशी.' सहा तास म्हणजे आपल्यातल्या अनेकांची नॉर्मल रात्र, नाही का?

अजून एक. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सतरा तास सलग जागं राहिलेल्या लोकांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी झाली होती. आपल्याकडे ड्रायव्हिंगसाठी कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठून रात्री अकराला एक्स्प्रेसवेवर गाडी काढणाऱ्याला मात्र कुणी फुंकायला लावत नाही.

करंट देऊन जागं राहायचं?

त्वचेतून सिग्नल बाहेर येतो, तर आत पाठवला तर? तेही झालंय. २०१४ मध्ये अमेरिकन एअर फोर्सच्या संशोधकांनी तीस तास जागवलेल्या लोकांच्या कपाळाजवळ अर्धा तास २ मिलिअँपिअरचा सौम्य करंट दिला. त्यांची सतर्कता कॅफिन घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकली. उलट दिशेचा प्रयोग जर्मनीत लुबेकला झाला. २००६ मध्ये लिसा मार्शल, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या विद्यार्थ्यांना गाढ झोपेच्या मंद लयीत, सेकंदाला पाऊण लहर, असा करंट दिला. सकाळी त्यांना पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या जास्त आठवल्या.

सॉलिड! पण लगेच ऑनलाइन ऑर्डर देऊ नका. लुबेकचा रिझल्ट इतर लॅबमध्ये दर वेळी तसा आला नाही. आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या टीमने मृतदेहांवर मोजून दाखवलं की टाळूवर दिलेल्या करंटपैकी सुमारे ७५ टक्के कवटी आणि त्वचा-स्नायूंतच अडकतो. घरी नऊ व्होल्टची बॅटरी डोक्याला लावणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्याला कधीकधी फक्त त्वचेवरचे भाजल्याचे डाग येतात. शिवाय एअर फोर्सच्या प्रयोगात त्या माणसांची झोप कुणी भरून दिली नव्हती. तीस तासांची उधारी तशीच राहिली!

एवढं तरी करा, बॉस!

* घड्याळात रात्री 'स्ट्रेस' वर गेलेला दिसला तर लगेच घाबरू नका. गाढ झोप, उकाडा, जाड पांघरूण, ताप, काहीही असू शकतं. एका रात्रीचा आकडा सोडा, महिन्याचा कल बघा.

* दुपारी शक्य असेल तर वीसेक मिनिटं डोळा लावा. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने झोपू दिलं तेव्हा सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही त्यांची सतर्कता सुधारली होती.

* कॉफीचा जोर अर्ध्या तासात चढतो, पण पाचेक तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. संध्याकाळची शेवटची कटिंग विचार करून घ्या.

* गाडी चालवताना जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं पुरेसं नाही. फूड मॉलला थांबा आणि झोपा. नाइट शिफ्टच्या कॅबमध्ये असाल तर ड्रायव्हरदादांना विचारा, 'दादा, कधीपासून जागे आहात?' त्यांच्या मनगटावर रशियन घड्याळ नाही. उत्तर ऐकून पोटात गोळा आला तर तिथेच गाडी बाजूला घ्यायला सांगा. ऑफिसला अर्धा तास लेट झालात तरी चालेल.